लोहा रोडची चार्जिंगवाली

"…अन् ते मशीन बंद पडलं तर तुझं काय जातंय? तुझ्या बापानं बसवलंय का ते?"

"बाप काढायचं काम न्हाई. बसवलं कुणीबी असंना, लोक फोन मला करून राहिलेत."

"करतीलच की! खांबावर कंपनीचा नंबर मुंगीएवढा अन् तुझा हातभर. संगप्पानं ऑइलपेंटनं लिहिला अन् तू लिहू दिलास. आता भोग."

आनंदराजच्या दातात सुतळी होती, त्यामुळे त्याचा राग अर्धाच बाहेर पडत होता. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते, तरी कंधारच्या त्या तीन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. भांड्यांची पोती, पुस्तकांची खोकी, गाद्यांच्या वळकट्या. उद्या सकाळी टेम्पो यायचा होता. आनंदराज जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता, त्याला केंद्रप्रमुख करून नांदेडकडं टाकलं होतं. लेक दिपाली विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि होस्टेलच्या पाणचट वरणाला कंटाळली होती. म्हणून नांदेडात तरोड्याकडं फ्लॅट घेतला होता. सगळ्यांची सोय तिकडं होती. राहता राहिलं बायकोचं, पंचशीलाचं, मोटार वाइंडिंगचं दुकान. त्याचं काय करायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. ते बंद होणार, असं सगळ्यांनी मनातल्या मनात धरून घेतलं होतं आणि पंचशीलाला कुणी विचारलं नव्हतं.

"फ्लॅटात वाइंडिंग होत नसतं," आनंदराजनं सुतळी थुंकून टाकली. "व्हार्निशचा वास सुटला की वरची-खालची माणसं भांडायला येतील. वीस वर्षं केलंस, लई झालं. आता जरा बसून खा."

"बसून खायला मी काय आजारी हाय?"

बाजेवर पारूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडं पाहिलं, मग लेकाकडं. "आनंद्या, तिला बस म्हनू नको. बसली की तिचं डोस्कं दुखतं. अन् पंचशीला, तूबी जरा थांबून बोल. त्याच्या तोंडात सुतळी हाय, त्याला उत्तर देता येईना."

दिपाली खोक्यामागं तोंड लपवून हसली.

पंचशीलाला बसून खायची सवय कधी लागलीच नव्हती. बारावीनंतर तिनं नांदेडच्या आयटीआयचा फॉर्म भरला तेव्हा खिडकीवरच्या बाबूनं तो परत सरकवला होता. "बाई, शिवण-कर्तनाची रांग पलीकडं." पंचशीला म्हणाली, "सर, शिवण मला घरी येतं. जे येत न्हाई ते शिकायला आले." इलेक्ट्रिशियनच्या वर्गात छत्तीस पोरं आणि ती एकटी. खांबावर चढायच्या प्रॅक्टिकलला पोरं खाली टाळ्या वाजवायला जमली. ती सलवारीचे पाय पायमोज्यात खोचून वर गेली, काम करून खाली आली. तेव्हा टाळ्या वाजवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

लग्न होऊन कंधारला आल्यावर पुढच्या खोलीत तिनं दुकान मांडलं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येत. जुनी तार कापून काढायची, नवी भरायची, व्हार्निश पाजून उन्हात वाळवायची. पहिली दोन वर्षं लोक म्हणत, "बाईच्या हातची मोटार हाय, किती दिवस चालतीय बघू." मग मोटारी चालल्या. शब्द तेच राहिले, म्हणायची तऱ्हा बदलली. मुखेडचा माणूस जळकी मोटार मोटारसायकलला बांधून आणायचा आणि म्हणायचा, "बाईच्याच हातची पाहिजे."

दोन वर्षांखाली लोह्याच्या पुढं, माळाकोळीच्या अलीकडं, संगप्पाच्या हॉटेलासमोर गाड्या चार्ज करायचं मशीन बसलं. पुण्याची कुठली तरी कंपनी होती. नांदेडहून लातूरला जायचं तर मधल्या रस्त्यावर असलं झटपट चार्जिंग तेव्हा दुसरं नव्हतं. पहिले आठ दिवस आसपासच्या गावची माणसं मोबाइल चार्ज होतो का विचारायला येत. आठवड्याला दोन गाड्या आल्या तर संगप्पा गावभर सांगत सुटे. आता दिवसाला बारा-पंधरा गाड्या येत, सणावाराला रांग लागे. पण मशीन वाढत्या पोरासारखं होतं, रोज काहीतरी नवं दुखणं. कधी व्होल्टेज पडायचं. कधी फोनला रेंज नसायची, मग ते चार्जिंगचं ॲप उघडायला शहरातली माणसं हॉटेलाच्या गच्चीवर चढायची. सुगीत उसाचं ट्रॅक्टर नेमकं मशीनसमोर लावून ड्रायव्हर जेवायला बसायचा. कंपनीच्या नंबरावर गाणं वाजत राहायचं. शेवटी संगप्पा पंचशीलाला घेऊन आला. तिनं पेटी उघडली, सैल झालेली वायर आवळली, मशीन चालू झालं. दुसऱ्या दिवशी खांबावर तिचा नंबर.

तिनं आणखी एक केलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात तिला दिसलं, की गाडी चार्ज व्हायला पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ पुरुष चहा पितात, बाया मात्र गाडीतच बसून राहतात, पाणीसुद्धा पीत नाहीत. ती संगप्पाला म्हणाली, "आप्पा, हे मशीन चालायचं असंल तर आधी आतून कडी असलेला संडास बांध." संगप्पा म्हणाला, "ताई, मशिनीचा अन् संडासाचा काय संबंध?" ती म्हणाली, "तू बाई न्हाईस म्हून विचारून राहिलास." महिन्याभरात संडास झाला, कडी ती स्वतः लावून आली.

आता उन्हाळा आला तसं मशीन आडवं लागलं होतं. होळीपासून दर दोन-तीन दिवसांनी दुपारी लाल दिवा लागून बंद. एप्रिलात अकरा दिवस बंदच होतं. कंपनीचा सत्यम नावाचा मुलगा पुण्यात बसून स्क्रीनवर सगळ्या मशिनी बघायचा. पोरगा गोड बोलायचा, पण कालच त्यानं चाचरत सांगितलं होतं, "मॅडम, वर ठरलंय. तुमचं मशीन सारखं बंद असतं, म्हणून या महिन्यात ते काढून लातूर शहरात नेणार."

ते ऐकून रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. मशीन तिचं नव्हतं, कंपनीकडून तिला कसली नेमणूकही नव्हती. पण हातात घेतलेलं काम दुरुस्त न होता कुणी उचलून नेलं, असं वीस वर्षांत झालं नव्हतं.

तिचा फोन वाजला. आनंदराजनं कपाळाला हात लावला.

"हॅलो, चार्जिंगवाल्या मॅडम का? मी आरती बोलतेय, किनवटहून निघालेय. संगप्पा हॉटेलापाशी उभी आहे. मशीनवर काल दुपारपासून लाल दिवा आहे म्हणे. नांदेडात एक मशीन बंद होतं, दुसऱ्यावर चार गाड्यांची रांग होती, म्हणून पुढं आले. गाडीत सहा टक्के उरलेत. माझ्या मुलीची आज लातूरला नीटची परीक्षा आहे. दीड वाजता गेट बंद होतं."

"मी येतो संगट," आनंदराज चप्पल घालत म्हणाला. "बाराला तुला परत आणतो. न्हाईतर तू संध्याकाळपर्यंत तिथंच रमशील अन् मी इथं एकटा गाठोडी बांधत बसीन."

स्कूटर पंचशीलानं चालवली. तो मागं हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसला.

हॉटेलासमोर पांढरी गाडी उभी होती. आरती साडीचा पदर खोचून मशीनला नुसती बघत होती, जसं काही बघून ते वरमेल. तिची मुलगी सुकन्या सावलीत पाण्याची पारदर्शक बाटली छातीशी धरून बसली होती. तोंडावर रंग नव्हता. पंचशीलानं मशीनकडं पाहिलंही नाही. ती आधी पोरीजवळ गेली.

"हॉल तिकीट हाय ना जवळ?"

पोरीनं मान हलवली.

"किती वाजले? पावणेदहा. हितून लातूर दोन तास, सव्वादोन तास धर. बाराला पोचशील." मग तिनं हाक मारली, "आप्पा, तुझी जीप चालू हाय का?"

संगप्पा गल्ला सोडून बाहेर आला. "जीप हाय ताई, पण रविवार हाय. मी हॉटेल सोडून कसा जाऊ?"

"तू नको जाऊ. चावी दे." तिनं चावी घेतली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली. "तुम्ही यांना घेऊन जा. परीक्षेचं सेंटर कसं असतं, कुठं उभं राहायचं, तुम्हाला म्हाईत हाय."

आनंदराज बघतच राहिला. "अगं, मी? घरी सामान…"

"सामान पळून चाललं न्हाई. पोरीचं वर्ष चाललंय."

मास्तर माणूस, परीक्षेचं नाव निघाल्यावर त्यानं जीपचं दार उघडलं. आरतीनं आपल्या गाडीची किल्ली पंचशीलाच्या हातात दिली. देताना ती क्षणभर अडखळली. तासाभरापूर्वी तिनं या बाईचं तोंडही पाहिलं नव्हतं. "मॅडम, गाडी नवीन आहे."

"असू द्या. जुनी असती तरी एवढीच सांभाळली असती."

जीप धुरळा उडवत गेली. मग पंचशीला मशीनकडं वळली.

तिनं सत्यमला फोन लावला. "मॅडम, रिस्टार्ट करून बघा." केलं. हिरवा दिवा लागला, गाडीला चार्जिंगची नळी जोडली की पुन्हा लाल. "मॅडम, इथं जमिनीचा दोष दाखवतोय. म्हणजे आतलं कार्ड गेलं असणार. नवीन यायला आठ दिवस. आणि तोवर…"

"तोवर तुमची क्रेन येते. म्हाईत हाय."

तिनं फोन ठेवला आणि सावलीत बसली. लक्ष्मम्मानं तिच्यापुढं ताक ठेवलं. लक्ष्मम्मा देगलूरकडची, हॉटेलात भाकरी थापायची. उन्हानं दोघींना घाम फुटला होता.

जमिनीचा दोष. आजवर हे शब्द पंचशीलानं दहा वेळा ऐकले होते आणि दहाही वेळा सत्यमचं म्हणणं खरं मानलं होतं. मशीनला काचेचा पडदा होता, त्यावर इंग्रजी अक्षरं सरकत होती, ते पुण्याशी बोलत होतं. एवढ्या शिकलेल्या मशीनबद्दल कंधारच्या वाइंडिंगवालीनं काय बोलावं? आज पहिल्यांदा तिला स्वतःचा राग आला. जमीन म्हणजे जमीन. ती पुण्यात कशी असेल? इथंच असणार, पायाखाली.

तिनं पिशवीतून आपला दिवा काढला. होल्डरात शंभराचा बल्ब, त्याला दोन वायरी. आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात तो. मीटरची पेटी उघडली, रबरी हातमोजे घातले. फेज आणि न्यूट्रलला वायरी लावल्या, बल्ब भर उन्हात डोळे दिपवणारा लागला. मग एक वायर फेजवर ठेवून दुसरी अर्थिंगच्या पट्टीला टेकवली. बल्ब देवळीतल्या चिमणीसारखा मिणमिणला.

वीज जमिनीत नीट उतरतच नव्हती. दोष कार्डात नव्हता, खाली मातीत होता.

"आप्पा!" तिनं हाक मारली. "मशीनच्या अर्थिंगचा खड्डा कुठं हाय?"

"कसला खड्डा?"

"मशीन बसवताना कंपनीच्या माणसांनी माणूसभर खड्डा खांदला आसंल. त्यात पाइप, मीठ, कोळसा. वर छोटं झाकण. दोन वर्षांखाली."

संगप्पानं डोकं खाजवलं. मग त्याचा हात डोक्यावरच थांबला. त्यानं सगळ्या अंगणाकडं पाहिलं. अंगणभर लाल-पिवळे सिमेंटचे गट्टू बसवलेले होते, नक्षीत. गेल्या दिवाळीआधी त्यानं हौसेनं बसवून घेतले होते.

"ताई," तो खाली बघत म्हणाला, "गाडीवाल्यांच्या चपला चिखलात जायच्या. लातूरच्या बाया नाक मुरडायच्या. म्हून म्या…"

"खड्ड्यावर गट्टू बसवलेस?"

"झाकण वर आलं होतं. ठेचा लागायच्या. मिस्त्री म्हनला, खाली दाबून टाकतो."

पंचशीलाला हसू आलं आणि रडूही. शेतातल्या ट्रान्सफॉर्मरला सगळा मुलूख डीपी म्हणतो, आणि उन्हाळ्यात डीपीला पाणी घालतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मोटार ओढेना की माणसं घागरी घेऊन डीपीच्या बुडाशी जातात. माती सुकली की अर्थिंग मरतं, ओली झाली की जगतं. पंचशीलानं स्वतः शेकडो शेतकऱ्यांना दटावलं होतं, "मोटार माझ्याकडं आणायच्या आधी डीपीला पाणी घातलं का?" आणि याच मशीनला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या मशीनला, दोन उन्हाळ्यांत कुणी तांब्याभर पाणी दाखवलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात खड्डा उघडा होता, हॉटेलातल्या खरकट्या पाण्याचा ओघळ तिकडं जायचा, म्हणून निभावलं. दुसऱ्या उन्हाळ्यात वर गट्टू आले, खाली मुरूम कोरडाठक पडला.

"पंडित झालो आपण," ती म्हणाली. "आप्पा, पहार आण. मेन स्विच बंद करते."

"गट्टू काढायचे?" संगप्पाचा जीव खाली-वर झाला. "ताई, नक्षी मोडल."

"नक्षी ठेव. मशीन लातूरला जाऊ दे."

संगप्पानं पहार आणली. चौथा गट्टू निघाला तेव्हा पत्र्याचं दबलेलं झाकण दिसलं. ते उचकटलं तर आत राखेसारखी कोरडी माती. लक्ष्मम्मा डोकावून म्हणाली, "अय्यो, ह्याला तर घशाला कोरड पडलीया." मग ती कुणाच्या सांगण्याची वाट न बघता आत गेली आणि दोन कळशा घेऊन आली.

पहिल्या दहा घागरी माती गटागट प्यायली, वर थेंब दिसला नाही. संगप्पानं भट्टीतले विझलेले कोळसे फोडून दिले, किराण्याच्या कोठीतलं खडामीठ पोत्यानं ओतलं. जेवायला थांबलेला एक ट्रकवालाही उठून बादली घेऊन आला. काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं, पण पाणी घालायचं म्हटल्यावर इथल्या माणसाला फार विचारावं लागत नाही. वीस घागरी झाल्या. तीस झाल्या. आता पाणी तोंडाशी येऊन थांबलं, बुडबुडे आले.

पंचशीलानं सगळ्यांना मागं सारलं, मेन चालू केलं, पुन्हा दिवा लावला. फेजवर एक वायर, अर्थिंगवर दुसरी. बल्ब मघाच्या दुप्पट लागला. ती हलली नाही, वायरी तशाच दाबून धरल्या. पाणी खाली मुरत गेलं तसा बल्ब हळूहळू पिवळ्याचा पांढरा होत गेला. लक्ष्मम्मानं डोळ्यांवर हात धरला. "ताई, ह्यो तर सूर्य झाला."

गाडीला नळी लावली. हिरवा दिवा लागला आणि हिरवाच राहिला. गाडीच्या पडद्यावर सहाचे सात झाले, सातचे नऊ.

पाच मिनिटांत सत्यमचा फोन. "मॅडम! मशीन चालू दिसतंय. काय केलं तुम्ही?"

"पाणी पाजलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या मशीनला तहान लागली होती. तुमच्या कार्डाला काही झालं न्हाई. आता सांगते ते लिहून घ्या." तिनं त्याला सगळं सांगितलं, मास्तरणीसारखं, हळू आणि दोनदा. शेवटी विचारलं, "ह्या रोडवर तुमच्या अजून चार मशिनी झाल्यात ना, चाकूरपर्यंत? त्या दुपारी बंद पडतात का सकाळी?"

 पलीकडं टकटक बटणं दाबल्याचा आवाज. "दुपारी, मॅडम. तीन मशिनी. सगळ्या दुपारी. आणि सगळ्या मार्चपासून."

"तिथंबी कुणीतरी अंगण सुंदर केलं असंल."

दुपारी चारला सत्यमच्या वरच्या साहेबांचा फोन आला. साहेब मराठी बोलताना मधेमधे अडखळत होते, पण मुद्द्याचं बोलले. मशीन हलवायचं रद्द केलं होतं. लोह्यापासून चाकूरपर्यंतच्या पाचही मशिनी सांभाळायला त्यांना रस्त्यावरचंच माणूस पाहिजे होतं. रीतसर करार, रीतसर महिन्याचे पैसे. रविवार सोडून, मशीन बंद पडलं की तासा-दीड तासात तिथं पोचायचं. "तुम्ही कराल का? घरी विचारून सांगा हवं तर."

पंचशीलानं समोर पाहिलं. दुसरी गाडी येऊन रांगेत उभी होती. गाडीतली म्हातारी उतरून संडासाकडं निघाली होती, सून तिला हात देत होती.

"माझ्या दोन अटी हायत," पंचशीला म्हणाली. "पाचही ठिकाणी अर्थिंगचा खड्डा उघडा राहील अन् उन्हाळ्यात त्याला रोज पाणी मिळेल, हे हॉटेलवाल्यांकडून लिहून घ्यायचं. अन् जिथं मशीन तिथं बायांसाठी संडास, आतून कडीचा. हे दोन्ही कागदावर येऊ द्या, मी सही करते."

साहेब म्हणाले, पहिली अट समजली, दुसरी कशासाठी? ती म्हणाली, "तुमच्या घरातल्या बाईला विचारा." पलीकडं साहेब हसले. तासाभरात करार फोनवर आला. दोन्ही अटी होत्या. तिनं दोनदा वाचला, मग काचेवर बोटानं सही केली. काळं पडलेलं, तारेनं चिरलेलं बोट. सही वाकडी आली, पण आपली होती.

रात्री आठ वाजता जीप परत आली. सुकन्या उतरली ती धावतच पंचशीलाकडं आली आणि वाकली. पंचशीलानं तिला वर उचललं. "पेपर?"

"फिजिक्स अवघड होतं. पण करंटवरचे सगळे सुटले."

"मग अर्धा पेपर माझाच होता म्हनायचा," पंचशीला म्हणाली, आणि पोरगी सकाळपासून पहिल्यांदा हसली.

आरतीची गाडी केव्हाच भरून झाली होती, सावलीत लावून ठेवली होती, काचेवरची धूळसुद्धा लक्ष्मम्मानं पुसली होती. काय द्यायचं म्हणून आरती पर्स उघडत होती. पंचशीलानं ती बंद केली. "ॲपमधून कंपनीचं जाईल ते जाईल. मला एकच द्या. तुमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाका, लोह्याचं मशीन चालू हाय. उन्हाळाभर चालू राहील."

परतीला आनंदराज पुन्हा स्कूटरवर मागं बसला. कंधारचा फाटा वळल्यावर म्हणाला, "ती बाई जाताना सांगत होती, किनवटपासून उदगीरपर्यंतच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर तुझा नंबर हाय. 'लोह्याच्या मॅडम' म्हून. म्हनली, रस्त्यात अडकलं तर आधी त्यांना लावा, असं सगळे सांगतात. मी म्हनलं, माझी बायको हाय ती." त्यानं मांडीवरची पिशवी सारखी केली. "तर ती म्हनली, सर, मग इतका वेळ गप्प का बसला होता? मी काय सांगणार! मला तरी कुठं म्हाईत होतं?"

"वीस वर्षं घरात हाय मी."

"हाव," तो म्हणाला. "घरात व्हतीस म्हूनच."

घरी दिपालीनं खोक्यांमधून जागा करून ताटं मांडली होती. पारूबाई बाजेवरून उतरून पाटावर येऊन बसल्या होत्या. "आली का माझी वायरमन," त्या म्हणाल्या. "मशीन जगलं का मेलं?"

"जगलं, आत्या."

"मग टेम्पोवाल्याला फोन लाव," आनंदराज दिपालीला म्हणाला. "सकाळी सातला ये म्हनावं. दुकानाचं सामान…" आणि तो बायकोकडं बघून थांबला.

पंचशीलानं हात धुतले, पदराला पुसले आणि उभ्यानंच सांगितलं, "टेम्पोत तुमचं दोघांचं सामान चढवा. दुकानाचं न्हाई. वाइंडिंगचं मशीन उद्या संगप्पाच्या हॉटेलाशेजारच्या खोलीत जाणार, मी त्याच्याशी बोलून आले. लोह्यापासून चाकूरपर्यंतच्या पाच मशिनी आजपासून माझ्याकडं, करारावर सही झाली. हे घर सोडायचं न्हाई, मी हितं राहणार. शनिवारी रात्री नांदेडला येत जाईन अन् सोमवारी पहाटे निघत जाईन. आत्या, तुम्हाला नांदेडला जायचं का माझ्याजवळ राहायचं ते तुम्ही सांगा. मी नांदेडला राहायला येत न्हाई."